चारचौघांत म्हणजे कोण? आपणच की!

मैत्रिणींनो, आमच्या वैरागला नळावरची भांडणं काही नवी नाहीत. घागरीवरून जुंपते न् संध्याकाळपर्यंत मिटतेही. पण त्या भांडणात दलित शेजारणीची जात काढली, तर ते नुसतं भांडण राहत नाही. चारचौघांत जातिवाचक शिवी देऊन अपमान करणं हा १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे.

भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. २००८ साली न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा दिल्या, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम मात्र टिकलं नाही. जातीचा द्वेष गावाला ठाऊक असून भागत नाही, तो कोर्टात दाखवावा लागतो.

म्हणून कानांवर पडलेले शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवा. ‘फार वाईट बोलला’ याला साक्ष म्हणत नाहीत! वेळ, जागा, कोण कोण हजर होतं, सगळं दुधाच्या हिशेबाच्या वहीत टिपून ठेवलं तरी चालेल. (‘तुला काय करायचंय नसत्या उठाठेवी?’ हे घरातून ऐकावं लागेलच.)

फिर्याद तोंडी देता येते. पोलिसांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मगच सही. प्रत फुकट मिळते. ‘आधी चौकशी, मग नोंद’ हे २०१८ च्या दुरुस्तीपासून चालत नाही. टाळाटाळ झाली तर सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. १४५६६ या क्रमांकावर फोनही करता येतो.

आणि ठाण्यात तिला एकटीला पाठवू नका. मात्र आधी तिला विचारा. फिर्याद तिची आहे.