पोराचा जामीन झाला, मावशीचे काय?

वस्तीतल्या एखाद्या पोराच्या हातून गुन्हा घडला की सगळी धावपळ सुरू होते ती त्याच्यासाठी. वकील पाहा, जामीनदार शोधा, चार वजनदार माणसे गोळा करा. पोराचे आयुष्य मातीत जाऊ नये, ही तळमळ खरीच आहे. पण ज्याचे नुकसान झाले, त्याच्या दारात कोण जाते?

समजा, आपल्या भूम तालुक्यातील एक मावशी खव्याच्या भट्टीवर दूध घालते. आठवड्याचे पैसे घेऊन घरी येताना सोळा वर्षांच्या पोराने तिला ढकलले आणि पैसे पळवले. हात मोडला, किराणा राहिला, त्या वाटेने एकटीने जायची भीती बसली. पोराचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मावशीला बोलावणे येते ते साक्षीपुरते!

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्याला काही तासांतच जामीन मिळाला. त्याच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता! त्यावर देशभर संताप उसळला. लेकरू गमावलेल्या आईबापांना त्या निबंधातून काय मिळणार होते?

दुसरी एक वाट आहे. १९७४ साली कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांनी त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारी पाठवले. त्यांनी लोकांचे ऐकून घेतले आणि भरपाई दिली. न्यूझीलंडने तर १९८९ साली कायदाच केला. तिथे मुलाचे कुटुंब एकत्र बसते, आणि त्या बैठकीला येण्याचा हक्क पीडिताला असतो. याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात.

पण बंधू-भगिनींनो, इथे सावध राहा. "मिटवून घ्या" हे शब्द आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. गावचे बडे लोक दबाव आणतात, कागदावर अंगठा घेतात. तो न्याय नव्हे. पीडिताची स्वतःची इच्छा हवी, मुलाने चूक कबूल केलेली हवी, आणि हे सारे मंडळाच्या नजरेखाली व्हावे. जातीय अत्याचार आणि स्त्रियांवरील अत्याचार यांत तर गावपातळीवर तडजोड नकोच. तिथे फिर्यादच द्यावी.

मग आपण काय करावे? पहिल्याच दिवशी पीडिताच्या घरी जावे. दवाखान्यात सोबत करावी. फिर्यादीची प्रत मागावी, ती फुकट मिळते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. दुखापत किंवा मृत्यू झाला असल्यास भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपी सापडला नाही तरीही हा अर्ज चालतो.

बुद्धाने अंगुलीमालाला भिक्खू करून घेतले. तरीही भिक्षेला गेल्यावर त्याच्यावर दगड पडले. तो रक्ताने माखून परतला तेव्हा बुद्धाने त्याला हे सोसायला सांगितले. आपल्या पोरालाही मावशीच्या मोडलेल्या हाताकडे पाहावे लागेल. त्याला तिथवर नेण्याचे काम आईबापांचे आणि वस्तीचे आहे. पण मावशी "हो" म्हणाली तरच!