गालावरची खळी आणि स्तनावरची खळी

हसताना गालावर पडणारी खळी हा आजार नाही. गालाच्या स्नायूची ठेवण जन्मतःच थोडी वेगळी असते, तिथली त्वचा आतल्या बाजूला चिकटलेली असते आणि हसताना ती ओढली जाते. तिला उपचार लागत नाहीत. स्तनावर नव्याने पडलेली खळी मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

स्तनावर खळी का पडते?

त्वचेपासून स्तनाच्या आत खोलवर आधार देणारे तंतू असतात. कर्करोगाची गाठ त्यांच्यात शिरली की ते आखडतात आणि वरची त्वचा आत खेचली जाते. जुना मार, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रियेचा व्रण यामुळेही असे होऊ शकते; पण नेमके कारण नुसते पाहून ठरत नाही. अशी खळी अनेकदा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते.

घरी कसे पाहाल?

पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी, चांगल्या उजेडात आरशासमोर उभ्या राहा. आधी हात खाली सोडून, मग डोक्यावर नेऊन, शेवटी कमरेवर दाबून पाहा. काही खळ्या हात वर केल्यावरच दिसतात. पाळी गेली असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवा. संत्र्याच्या सालीसारखी त्वचा, नव्याने आत वळलेले स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित स्राव, स्तनात किंवा काखेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तरी थांबू नका.

कुठे जाल?

तिशीनंतर स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पुढील तपासण्यांसाठी धाराशिवचे शासकीय रुग्णालय किंवा बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ आहे. बार्शी तालुक्यासह भूम आणि परंडा तालुक्यांतील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद बार्शीत 1987 पासून ठेवली जाते. ही देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी.

सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासणी केली जाते. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, ही भीती बाळगू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

घरच्यांना एक विनंती: "सोयाबीनची काढणी होऊ दे, मग बघू" असे ती म्हणाली, तर तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन जा. गाठ लहान असताना कळली तर बरे होण्याची शक्यता खूप जास्त असते आणि अनेकदा स्तनही वाचवता येतो.