फिल्म कोणती, डेव्हलपर कोणता?

कृष्णधवल छायाचित्रणाकडे नव्याने वळणारा हौशी छायाचित्रकार फिल्मची निवड तासन्‌तास करतो आणि डेव्हलपर मात्र दुकानात मिळेल तो घेतो. वास्तविक निगेटिव्हचे रूप ही दोन्ही मिळून ठरवतात. एकदा बिघडलेला रोल पुन्हा मिळत नाही, हे ध्यानात घेता हा विचार आधीच केलेला बरा.

फिल्मचा पहिला प्रश्न प्रकाशाचा. उघड्या उन्हातील समुद्रकिनाऱ्यासाठी 100 किंवा 125 आयएसओची संथ फिल्म पुरते. तिचे कण बारीक असतात. देवळाच्या सभामंडपात किंवा आषाढातील अंधारलेल्या दुपारी 400 आयएसओच हवी. कोडॅकची ट्राय-एक्स आणि इलफर्डची एचपी 5 प्लस या पारंपरिक कणरचनेच्या फिल्म आहेत. प्रकाशमापनातील लहानमोठी चूक त्या सांभाळून घेतात. टी-मॅक्स आणि डेल्टा यांचे कण चपट्या पत्र्यांसारखे असल्याने चित्र अधिक सफाईदार येते. पण डेव्हलपिंगच्या वेळेतील व तापमानातील हयगय त्यांना तितकीशी खपत नाही. नवशिक्याने पहिले काही रोल पारंपरिक फिल्मवरच काढावेत.

डेव्हलपरमध्ये डी-76 हा 1927 पासूनचा मानदंड. त्यात लिटरमागे 100 ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते कणांच्या कडा किंचित विरघळवते, त्यामुळे दाणा मऊ दिसतो. तेच द्रावण समभाग पाण्यात मिसळले की हा परिणाम घटतो आणि कडा अधिक रेखीव उमटतात. रॉडिनल त्याहून जुना, 1891 चा. तो दाणा लपवीत नाही. 400 आयएसओच्या फिल्मवर तर तो ठळकच दिसतो. कुणाला तो खडबडीतपणा हवाही असतो. मात्र रॉडिनलचे मूळ द्रावण बाटलीत वर्षानुवर्षे टिकते, तर डी-76 चे तयार द्रावण भरलेल्या, घट्ट बंद बाटलीतही सुमारे सहा महिनेच. महिन्याकाठी एखादाच रोल धुणाऱ्याला हा हिशेब महत्त्वाचा वाटेल.

गोव्यात खरी अडचण वेगळीच आहे. तक्त्यांतील वेळा बहुधा 20 अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात आणि उन्हाळ्यात नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम येते. तापमान अंशाने वाढले की वेळ ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटवावी लागते. एचपी 5 प्लसला मूळ डी-76 मध्ये 20 अंशांना साडेसात मिनिटे धरली, तर 26 अंशांना ती जेमतेम चारवर येतात. पाच मिनिटांहून कमी वेळेत फिल्म सर्वत्र सारखी उतरण्याची खात्री नसते. आकाशात डाग-पट्टे उमटतात. समभाग विरळ केलेल्या द्रावणाला 20 अंशांना सुमारे तेरा मिनिटे लागतात, म्हणून 26 अंशांनाही सातेक मिनिटे हाती उरतात. उकाड्यात हाच मार्ग सोयीचा. नपेक्षा द्रावणांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवाव्यात. बर्फ द्रावणात मात्र टाकू नये, त्याने प्रमाणच बिघडते.

प्रकाश कमी पडल्यास 400 ची फिल्म 1600 समजून वापरून नंतर डेव्हलपिंग लांबवण्याची रीत आहे. त्याने उजळ भाग आणखी दाट होतात. सावलीत जे टिपलेच गेले नाही, ते कोणत्याही रसायनाने परत येत नाही. म्हणून प्रकाशमापन सावलीचे करावे आणि डेव्हलपिंगची वेळ उजेडाकडे पाहून ठरवावी. पावसाळ्यात काढलेला रोल कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने ठेवू नये. दमट हवेत त्यावरील प्रतिमा हळूहळू फिकटते आणि फिल्मला बुरशीही धरते.