मान वळवू देण्यापूर्वी…

सकाळी दहाला पेढीवर बसलेला माणूस रात्री नऊलाच उठतो. गादीची जागा खुर्चीने घेतली, वहीची संगणकाने; पण पुढे झुकलेली मान आणि वाकलेली पाठ तशीच राहिली. त्यात कापडाचे गठ्ठे नाही तर धान्याची पोती उचलणे आलेच. मग एके दिवशी कोणीतरी मोबाइलवर चित्रफीत दाखवते: मान एका झटक्यात वळवली जाते, ‘कट्ट’ असा आवाज होतो आणि रुग्ण हसत उठतो. घरात लगेच ठरते, ‘बाबांनाही तिथेच नेऊ या.’ नेण्यापूर्वी ही उपचारपद्धती नीट समजून घेणे हिताचे आहे.

‘कायरोप्रॅक्टिक’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून ‘हातांनी केलेले कार्य’ असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी तिचा आरंभ केला. बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा व्यापक दावा पुढे शास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. पाठ व कंबरदुखीपुरता मात्र या हस्तोपचाराचा काही उपयोग आढळला आहे.

या उपचारात सांध्याला हाताने नेमका, जलद दाब दिला जातो. त्या वेळी होणारा आवाज हाड ‘जागेवर बसल्याचा’ नसतो. सांध्यातील द्रवावरील दाब एकाएकी घटल्याने तेथे वायूची पोकळी निर्माण होते, त्याचा तो आवाज. आवाज मोठा आला म्हणजे गुण अधिक आला, असे मुळीच नाही.

अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालिश, व्यायाम यांबरोबर मणक्यांच्या हस्तोपचारालाही स्थान दिले आहे. मात्र नव्याने उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपच कमी होते, हेही तीच मार्गदर्शिका सांगते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मते असा उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावा.

मानेच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मानेतूनच वर जातात. मानेला झटका दिल्यानंतर धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत. परंतु हानी आयुष्यभराची होऊ शकते. हाडे ठिसूळ झालेल्या वडीलधाऱ्यांनी, कर्करोगाच्या रुग्णांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी व नुकतेच पडलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीविना असा उपचार घेऊ नये. पायांतील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे असतील, तर तडक रुग्णालय गाठावे. तेथे विलंब परवडत नाही.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी कित्येक वर्षांचे शिक्षण व राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे मात्र या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटीवरील अक्षरांवर विसंबून चालत नाही. पारख आपणच करावी लागते. माल घेताना आपण वाण पाहतो, वजन पाहतो. मग स्वतःच्या कण्याबाबत उदासीन का राहावे? शिक्षण कोठे व किती वर्षे झाले? आधी तपासणी आणि पूर्वेतिहासाची विचारणा होते का? मानेला झटका न देता दुसरा उपाय आहे का? किती भेटींत फरक दिसला नाही तर थांबायचे? हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस भेटींचे पैसे आगाऊ मागणारा, किंवा मधुमेह-दमाही बरा करतो म्हणणारा भेटला, तर नम्रपणे नमस्कार करून बाहेर पडावे.

आणि उपचार कोणताही घेतला, तरी रोजची बैठक तीच राहिली तर दुखणे परत येतेच. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा, ओझे गुडघे वाकवून व अंगाजवळ धरून उचलावे, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम नियमाने करावेत. दुसऱ्याचे हात घटकाभर आराम देतील. पाठ सांभाळण्याचे काम मात्र रोज आपल्यालाच करायचे आहे.