कुंडीतली चिलटं मातीत शोधा

घरातल्या कुंड्यांभोवती, खिडकीच्या काचेवर, रात्री टेबलावरच्या दिव्याखाली जी बारीक काळी चिलटं घिरट्या घालतात, ती फवाऱ्याने संपत नाहीत, कारण फवारा हवेत मारला जातो आणि कीड असते मातीत. ही चिलटं सायरिडी कुळातली, बहुतेकदा ब्रॅडिसिया या प्रजातीतली असतात. पिकलेल्या केळ्यांवर जमणाऱ्या तांबड्या डोळ्यांच्या जाडसर फळमाश्या वेगळ्या. कुंडीतलं चिलट दोन-तीन मिलिमीटरचं, काळपट, सडपातळ आणि लांब पायांचं असतं. ते चावत नाही, आणि उडण्यापेक्षा मातीवर धावताना जास्त दिसतं. पंख फुटल्यावर ते जेमतेम आठवडा-दहा दिवस जगतं, पण तेवढ्यात एक मादी ओल्या मातीच्या भेगांत १०० ते २०० अंडी घालू शकते. २४ अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यातून अळी निघायला साधारण ३ दिवस लागतात, अळीच्या वाढीला १० दिवस आणि कोषातून चिलट बाहेर पडायला ४ दिवस. म्हणजे सुमारे १७ दिवसांत नवी पिढी उडू लागते, आणि हे सगळे दिवस ती मातीत काढते. आज उडणारी सगळी चिलटं मारली, तरी उद्या उडणारी कोषात तयार असतात आणि पुढच्या आठवड्यातली मातीत खात असतात.

म्हणून लक्ष्य अळीच असायला हवं. ही अळी पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक, बिनपायाची असते. डोकं मात्र चकचकीत काळं. मातीच्या वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये ती राहते आणि बुरशी, शेवाळ, कुजणारा पालापाचोळा खाते. हे खाणं कमी पडलं किंवा अळ्या फार झाल्या, की ती कोवळ्या मुळांकडे वळते. तिचा शोध घ्यायला कच्च्या बटाट्याची एक जाडसर चकती पुरते. चकती मातीत हलकेच दाबून ठेवायची आणि तीन-चार दिवसांनी उलटून पाहायची. अळ्या असतील तर खालच्या बाजूला दिसतात. घरात अनेक कुंड्या असल्या तर आधी हीच चाचणी करावी. सगळ्या कुंड्या सारख्या दोषी नसतात, आणि उपद्रव नेमका कोणत्या कुंडीतून येतो हे कळलं की काम निम्म्यावर येतं.

अळीला लागणारी बुरशी सतत ओल्या राहणाऱ्या मातीत पोसली जाते, म्हणजे हा प्रश्न मुळात पाण्याचा आहे. नर्सरीतून येणाऱ्या बहुतेक रोपांच्या मिश्रणात कोकोपीट भरपूर असतं आणि ते स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. त्यात दिवाणखान्यातला मंद उजेड, म्हणजे झाडाचं पाणी पिणंही मंद. अशा कुंडीला रोज सकाळी कपभर पाणी घालण्याची सवय असली, तर वरचा थर कधीच सुकत नाही. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडे घालण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण ती उलटं काम करते. भिजलेला स्पंज उभा धरला तरी त्याच्या खालच्या भागात पाणी अडून राहतं; तसंच मातीच्या तळाशीही राहतं, आणि खडे घातल्यावर हा ओला पट्टा वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा असेल तर पर्लाइट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे मातीतच मिसळावेत आणि तळाला मोकळं भोक ठेवावं. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी तर ओतून टाकलंच पाहिजे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

माती सुकू दिली तर झाड मरेल, ही भीती स्वाभाविक आहे. पण सुकवायचा असतो तो बोटाच्या दोन पेरांइतका वरचा थर. त्याखाली ओल असतेच आणि पाणी ओढणारी बरीचशी मुळंही तिथेच असतात. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, रबर प्लांट ही घराघरांतली झाडं अशा कोरडेपणाने बिघडत नाहीत. उलट मुळांना हवा मिळते आणि मूळकूज टळते. बोट खुपसून पाहावं किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा, आणि मग एकदाच भरपूर पाणी द्यावं. या नियमाला खरी अडचण येते ती पावसाळ्यात. मुंबईत किंवा कोकणात जुलैच्या दमट हवेत माती दिवसेंदिवस सुकत नाही. तिथे पाण्याचं वेळापत्रक बाजूला ठेवावं लागतं, कुंडी खिडकीजवळ किंवा पंख्याच्या वाऱ्यात सरकवावी लागते. नेचे, कोथिंबीर, बियांतून नुकतीच उगवलेली रोपं यांना मात्र कोरडं ठेवणं शक्यच नसतं. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग लागतो. तो पुढे येतोच.

त्याआधी एका मोठ्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने महाराष्ट्रात गच्चीवरच्या बागेची जी दृष्टी दिली, तिच्यात घरातला ओला कचरा मातीत परत जिरवण्याला मोठं स्थान आहे. मग सेंद्रिय पदार्थ चिलटांना पोसतात असं म्हणणं म्हणजे ही चांगली सवय मोडायला सांगणं नव्हे का? मला तसं वाटत नाही. गच्चीवर ऊन असतं, वारा असतो, मुंग्या, कोळी, पक्षी असतात. तिथे चिलटं झाली तरी त्यांचा त्रास होत नाही. घरातल्या कुंडीत यातलं काहीच नसतं. तिथे चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, कांद्याची सालं, अर्धवट कुजलेलं शेणखत घालणं म्हणजे बुरशीला आणि पर्यायाने अळीला रोजचं जेवण वाढणं. कचरा वेगळ्या डब्यात पूर्ण कुजू द्यावा. तयार खत मातीसारखं काळं, भुसभुशीत आणि दुर्गंधी नसलेलं झालं की थोडंसं मिसळावं. निंबोळी पेंडही घरात जपूनच वापरावी, कारण ओलीत तिच्यावरही बुरशी धरते.

आता तो दुसरा मार्ग. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात योएल मार्गालिट आणि लेनर्ड गोल्डबर्ग यांना एका डबक्यातून डासांच्या अळ्या मारणारा जिवाणू मिळाला. त्याचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. चिलट हा डासाचाच दूरचा नातलग, त्यामुळे तेच औषध इथेही लागू पडतं. जिवाणूतली प्रथिनं अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात, आतड्याचं अस्तर फाटतं आणि अळी एक-दोन दिवसांत मरते. माणसाच्या आणि पाळीव प्राण्यांच्या पोटात हे घडत नाही. खरेदी करताना मात्र नाव नीट वाचावं. कापसामुळे बीटी हा शब्द आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, पण पतंगवर्गीय अळ्यांसाठी मिळणारं बीटी कुर्स्टाकी चिलटांवर चालत नाही. बीटीआय भारतात मुख्यतः डासांसाठी विकलं जातं. वेष्टनावरच्या सूचना पाळून ते पाण्यात मिसळावं आणि वरचा थर भिजेल असं घालावं. ते खाल्लं गेलं तरच काम करतं, म्हणून अंडी, कोष आणि उडणारी चिलटं यांच्यावर त्याचा परिणाम शून्य. इथेच लोक धीर सोडतात. औषध घातल्यावरही आठवडाभर कोषांतून चिलटं निघत राहतात आणि औषध फुकट गेलं असं वाटतं. मातीत ते फार दिवस टिकत नाही, म्हणून दर पाच-सात दिवसांनी, निदान तीन-चार आठवडे ते द्यावं लागतं, म्हणजे एका पिढीपेक्षा जास्त काळ.

पिवळे चिकट सापळे कुंडीत मातीलगत आडवे ठेवावेत. ते काही माद्या अंडी घालण्याआधी पकडतात, पण त्यांचा खरा उपयोग मोजदादीचा: दर आठवड्याला सापळा बदलून किती चिलटं चिकटली ते पाहिलं की उपाय चालतोय का ते कळतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पातळ द्रावण लागेल तेवढ्या अळ्या मारतं आणि लगेच विघटित होतं. पुढच्या अळ्यांना त्याचा धाक नाही. दालचिनीच्या पुडीवर माझा भरवसा नाही. वरून वाळू पसरली तर तिच्याखालची ओल बोटाला कळेनाशी होते, आणि तीच तर कळायला हवी.

चिलटं निरुपद्रवी आहेत, मग इतका खटाटोप कशाला, असंही म्हटलं जातं. भक्कम मुळांच्या मोठ्या झाडापुरतं ते बरंचसं खरं आहे. टोमॅटो-मिरचीची रोपं, नुकत्याच लावलेल्या फांद्या यांच्याबाबत नाही. त्यांची मुळं मोजकी असतात. अळी ती कुरतडते आणि पिथियम, फ्युजेरियम यांसारख्या बुरशींना शिरायला वाट देते. मग रोप बुडातून कोलमडतं. म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड थेट रोपांच्या ट्रेशेजारी ठेवू नये. तीन आठवडे ते दुसऱ्या खोलीत, मातीत एक पिवळा सापळा रोवून, वेगळं ठेवावं, आणि सापळा कोरा राहिला तरच इतरांत मिसळावं.