सोंगाड्याची मुभा

त्या दिवशी वर्गात सर ग्रीक सुखात्मिका शिकवीत होते. डायोनायसस देवाचा उत्सव, मुखवटे चढविलेले नट, चोवीस जणांचा गायकवृंद आणि भरसभेत सत्ताधाऱ्यांची टर उडविणारा अरिस्टोफेनिस! आम्ही माना खाली घालून टिपणे घेत होतो. मला राहवले नाही. मी बोलून गेलो, "सर, हे तर आपल्या तमाशासारखंच आहे की!" सारा वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत. "वार्षिकांकासाठी लिहून दे," एवढेच म्हणाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

तमाशा मी प्रथम पाहिला तो मामाच्या गावच्या जत्रेत. इगतपुरीहून एस. टी.ने तासाभरावरचे ते गाव. मामांनी खांद्यावर बसवून नेले आणि परतताना बजावले, "घरी आईला सांगू नकोस हं!" पुढे कॉलेजात अरिस्टोफेनिस भेटला, तो मात्र घरी उजळ माथ्याने सांगता आला. हा फरक का असावा?

ग्रीक सुखात्मिकेचे मूळ 'कोमोस' या गात-नाचत, थट्टा करीत निघणाऱ्या मिरवणुकीत शोधतात. अथेन्सच्या डायोनायसस-उत्सवात सुखात्मिकांची अधिकृत स्पर्धा इ. स. पूर्व ४८६ मध्ये सुरू झाली. आपला 'तमाशा' हा शब्द फारसीतून आला; पण त्याच्या अंगात गोंधळ, भारूड यांचे रक्त खेळते. उत्तर पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर यांनी त्याला वैभव आणले. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तर तुरेवाले शिवाला. त्यांचे सवाल-जवाब रात्र रात्र रंगत. ग्रीक सुखात्मिकेतही दोन पक्षांचा रीतसर वाद असे. त्याला 'अगॉन' म्हणत. आणि दोन्हीकडे निमित्त एकच, देवाचा उत्सव.

आता संकेत पाहू. ढोलकी-हलगीची जुगलबंदी झडली की शाहीर गण म्हणतो. मागचे सुरते 'जी जी रं जी' करीत सूर धरतात. गणेशाला वंदन झाले की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात. गौळणींबरोबरची मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. ती प्रत्यक्ष कृष्णाचीही हजेरी घेते आणि समोरचे माळकरी म्हातारे पोट धरधरून हसतात! अरिस्टोफेनिसच्या 'बेडूक' या इ. स. पूर्व ४०५ च्या नाटकात खुद्द डायोनायसस भित्रा दाखविला आहे. त्याला फटकेही बसतात. तेही त्याच्याच उत्सवात! देवाची थट्टा करायला देवावर श्रद्धा असलेलाच समाज लागतो, असे मला वाटते.

त्यानंतर बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. उमाजी सावळजकरांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. वगात राजा, प्रधान, कोतवाल असतात. पण खरा राजा सोंगाड्या. 'गाढवाचं लग्न' मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार आठवावा. सोंगाड्याला लिहिलेले संवाद फारसे नसतात. तो राजाशी बोलता बोलता समोरच्या पाटलाकडे वळतो आणि गावच्या विहिरीचे पैसे कुठे मुरले ते विचारतो. ग्रीकांकडे यासाठी स्वतंत्र जागाच होती. नाटक मध्येच थांबे, गायकवृंद पुढे येई आणि कवीच्या वतीने प्रेक्षकांना चार खडे बोल सुनावी. तिला 'पॅराबेसिस' म्हणत. इ. स. पूर्व ४२४ मध्ये 'सरदार' या नाटकात अरिस्टोफेनिसने क्लिऑन या बलाढ्य पुढाऱ्याची अशीच धिंड काढली आणि त्या नाटकाला पहिले बक्षीस मिळाले!

रंगमंचही पाहा. अथेन्सचे प्रेक्षागृह डोंगराच्या उतारावर, उघड्या आभाळाखाली. आपला तमाशाही मूळचा उघड्या मैदानातला. पडदा नाही, देखावा नाही. नटाने एक गिरकी घेतली की पुणे मागे पडून सातारा येतो. अथेन्समध्ये स्त्रियांची कामे पुरुष करीत. आपल्याकडेही पूर्वी नाच्या पोऱ्या असे. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा आली आणि तमाशाचे रूप पालटले.

साम्य येथवर. पुढचा फरक मात्र मला बोचतो. अथेन्समध्ये गायकवृंदाचा खर्च एखाद्या धनिकावर नगराचे कर्तव्य म्हणून सोपवीत, आणि त्या वृंदात नाचणारे गावचे नागरिकच असत. आपल्याकडे फड उभे केले ते प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. रात्री त्यांना डोक्यावर घ्यायचे आणि सकाळी वेशीबाहेर ठेवायचे, ही आपली रीत! श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तमाशात शिरून पठ्ठे बापूराव झाला, तेव्हा त्याच्या वाट्यालाही बहिष्कार आला. विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पण २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच.

म्हणून सोंगाड्याची मुभा मला अथेन्सच्या कवीपेक्षाही मोठी वाटते. अरिस्टोफेनिस क्लिऑनला हसला तो बरोबरीचा नागरिक म्हणून. आमचा सोंगाड्या पाटलाला हसतो, त्या पाटलाच्या वाड्याच्या उंबऱ्याआत त्याला प्रवेश नव्हता. ढोलकी वाजत असे तेवढ्या वेळापुरता तो पाटलाच्या बरोबरीचा! या मुभेचे मोल आपल्याच नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डकांनी ओळखले. सत्यशोधक जलशांच्या वाटेने जात त्यांनी तमाशाचाच घाट घेतला, आंबेडकरी जलसा उभा केला आणि थट्टेच्या जागी हक्काचा सवाल टाकला.

अरिस्टोफेनिसची अकरा नाटके पूर्ण स्वरूपात आज उरली आहेत, कारण कोणीतरी ती पिढ्यान्‌पिढ्या उतरवून ठेवली. आमच्या सोंगाड्याची बतावणी पहाटेबरोबर विरून जाते. मित्रहो, येत्या जत्रेत तुमच्या गावी फड उतरला, तर लावणीपुरते थांबून उठू नका. वगापर्यंत बसा. सोंगाड्या काय बोलला ते वहीत उतरवून घ्या. आपण वर्गात घेतो तसेच टिपण.

मी यंदा मामांना घेऊन जाणार आहे. आणि या खेपेला आईला सांगून!