खुब्यातली फाटलेली कड

गुडघा दुखला की माणूस नेमक्या जागी बोट ठेवतो. खुब्याचं तसं नाही. या सांध्यातली कळ बहुतेकदा जांघेत येते, कधी कुल्ल्यात, कधी मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. म्हणून कुणी हर्नियाची तपासणी करून घेतो, कुणी सायटिका समजून कमरेला पट्टा बांधतो, आणि चाकण एमआयडीसीतले कितीतरी जण गोळी घेऊन पुढची शिफ्ट काढतात.

खुबा म्हणजे वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. वाटीच्या काठाला चिवट कूर्चेची कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. इंजिनातल्या ऑइल सीलसारखं तिचं काम : सांध्यातलं वंगण आत कोंडून ठेवायचं. ही कड फाटली की बसताना, वळताना, दुचाकीवर टांग टाकताना कळ येते. आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

ती का फाटते, हे कळायला बराच काळ गेला. बर्नचे सर्जन राइनहोल्ड गांझ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये नीट मांडलं, की दोष बऱ्याचदा हाडाच्या ठेवणीत असतो. गोळ्याच्या मानेशी जादा हाड असतं, किंवा वाटीचा काठ जास्त पुढे आलेला असतो. अशा माणसानं उकिडवं बसून काम केलं, की हाड त्या कडेवर आपटत राहतं. म्हणून फाटलेल्या कडेला नुसते टाके घालून भागत नाही. जादा हाड तासावं लागतं, नाहीतर शिवलेली कड पुन्हा चिरडते.

हे सगळं आता दुर्बिणीतून होतं, पण एकेकाळी ते अशक्य वाटत होतं. 1931 मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन मायकेल बर्मन यांनी मृतदेहांवर प्रयत्न केला आणि गोळा व वाटी यांच्या मधे शिरणं अशक्य आहे, असं म्हटलं. अडचण खरीच होती, कारण हा सांधा घट्ट मिटलेला असतो. आज भूल देऊन खास टेबलावर पाय ओढून धरतात. सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत सांधा साधारण एक सेंटिमीटर उघडतात. दोन-तीन छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात, सलाइन वाहतं ठेवतात, हाडात बारीक अँकर रोवून त्याच्या धाग्यानं कड जागेवर बांधतात. ताण शक्यतो दोन तासांच्या आत सोडतात, कारण नसा दबतात. काहींना त्यामुळे जननेंद्रियांजवळ काही दिवस-आठवडे बधिरपणा राहतो. तो बहुधा जातो, पण रोग्याला आधी सांगायलाच हवा.

मग शस्त्रक्रिया कुणी करून घ्यावी? एका अमेरिकी अभ्यासात खुबा अजिबात न दुखणाऱ्या 45 जणांचा एमआरआय केला, तर 69 टक्क्यांच्या लॅब्रममध्ये फाट दिसली. तेव्हा केवळ रिपोर्टवर टेबलावर चढू नये. हाडाच्या अशा ठेवणीमुळे दुखणाऱ्या 348 रोग्यांवरची ब्रिटिश चाचणी 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. वर्षभरानंतर फिजिओथेरपीवाले आणि शस्त्रक्रियावाले, दोघंही सुधारले होते. शस्त्रक्रियेचा फायदा जास्त होता, पण शंभरांत जेमतेम सात गुणांनी.

सांधाच झिजला असेल तर मात्र दुर्बीण फारशी कामाची नाही. टेनिसपटू अँडी मरेची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया जानेवारी 2018 मध्ये झाली, आणि साधारण वर्षभरानं त्याला खुब्यात धातू बसवावा लागला. म्हणून आधी साधा एक्स-रे काढून सांध्यात किती फट उरली आहे ते पाहतात. ती दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर निकाल वाईट येतात.

आपल्या चाकण भागात खरा पेच शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांचा आहे. सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या, मग फिजिओ. लाइनवर उभं राहून, वजन उचलून करायच्या कामावर परतायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. ईएसआयचा (राज्य कामगार विमा योजनेचा) आजारपणाचा भत्ता पगाराच्या 70 टक्के मिळतो, तोही वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. कंत्राटी कामगार इतके दिवस थांबू शकत नाही, म्हणून कुबड्या लवकर टाकतो आणि केलेलं काम वाया जातं. सुपरवायझर आणि एचआरच्या मंडळींना माझी विनंती आहे : अशा माणसाला परतल्यावर काही महिने बसून करायचं काम द्या. आणि जांघेतली कळ सहा आठवडे गेली नसेल, तर तुम्ही गोळ्या थांबवा, पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा चिंचवडमधल्या मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जा आणि हाडांच्या डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा.